डब्यावरचा फोटो

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. शिकणारा स्टिअरिंगवर, मास्तर शेजारी, आणि त्यांच्या पायापाशी एक जादा ब्रेक. त्या ब्रेकच्या जोरावर आपण अर्ध्या गावाला रस्त्यावर आणलं, असं ते स्वतःच हसत सांगायचे. आवाज मोठा, पण स्वभाव निवांत. समोरून ट्रक येताना एखाद्याने घाबरून डोळे मिटले, तरी ते एवढंच म्हणायचे, "डोळे उघडा. ट्रक बघण्यासारखा आहे."

साठीकडे झुकता झुकता त्यांना दोन गोष्टी छळायला लागल्या. पहिली सगळ्यांना दिसायची. कपाळ मागे सरकत सरकत टाळूपर्यंत पोचलं होतं, आणि उरलेले केस ते डावीकडून उजवीकडे अशा काटकसरीने पसरायचे की वारा सुटला की गाडीची काच आधी वर जायची. दुसरी गोष्ट कुणाला दिसायची नाही. त्यांना सारखी लघवीला लागायची. लागली की थांबवत नसे, आणि गेलं की नीट होत नसे. हळूहळू त्यांचे शिकवण्याचे रस्तेच बदलले. पेट्रोल पंप आला की "इथे जरा रिव्हर्स करू", लाकडाची वखार आली की "इथे गाडी बाजूला घ्यायची सवय करा". शिकणाऱ्यांना वाटायचं, मास्तर फार बारकाईने शिकवतात.

बायको घरातल्या पुढच्या खोलीत पाळणाघर चालवायची. दिवसभर दहा पोरांना "शू आली का रे?" विचारणाऱ्या त्या बाईला हे नवऱ्याला विचारायचा मात्र धीर होत नव्हता. शेवटी एकदा म्हणाली, "अहो, डॉक्टरला दाखवून तरी या."

"वयाचं आहे गं. सगळ्यांनाच होतं."

"मग सगळ्यांबरोबर जाऊन या."

मास्तर हसले आणि विषय टाळला. डॉक्टर कुठे आणि कसं तपासतात हे त्यांनी ऐकलं होतं, आणि नुसत्या ऐकण्यानेच त्यांच्या अंगावर काटा यायचा.

अशात धाकटा डबे घेऊन आला. धाकटा म्हणजे मास्तरांचा सख्खा भाऊ. वडील लवकर गेले तेव्हापासून मास्तरांनीच त्याला मोठं केलेलं. त्याचा फोटो स्टुडिओ होता. ज्याच्या त्याच्या हातात कॅमेऱ्याचे फोन आले आणि स्टुडिओत माणूस फिरकेनासा झाला, तेव्हा त्याने वनौषधींच्या कॅप्सूल विकायला घेतल्या. बाहेरून माल आणायचा, डब्यात भरायचा, वर आपलं लेबल. केस आणि प्रोस्टेट, दोन्हींवर एकच कॅप्सूल.

"दादा, मूळ एकच असतं," तो समजावून सांगायचा. "वरचे केस गळतात आणि खालची ग्रंथी वाढते, दोन्ही एकाच हार्मोनमुळे. ही वनस्पती त्यालाच आवर घालते. झाडपाल्याचं आहे, अपाय काहीच नाही. मी स्वतः घेतो ना रोज."

तो खोटं बोलत नव्हता. त्याचा खरोखरच विश्वास होता. स्टुडिओ बंद झाल्यापासून त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच तेज दिसत होतं, आणि ते विझवायचं मास्तरांच्या जिवावर आलं. त्यांनी कॅप्सूल सुरू केली.

काही महिन्यांनी त्याने मास्तरांना खुर्चीवर बसवून फोटो काढला. आधीचा फोटो त्याच्याकडे होताच: केस ओले, वरून ट्यूबलाइट, चेहरा पडलेला. या वेळी त्याने केस कोरडे करून फुगवले, जरा रंग लावला, दिवा बाजूने धरला आणि म्हणाला, "हस." दोन्ही फोटो शेजारी शेजारी डब्यावर छापले गेले. मास्तरांनी पाहिलं आणि थोडे चपापले.

"अरे, ही लबाडी नाही का?"

"लबाडी कसली, दादा? केस तुझेच आहेत. मी फक्त उजेड दिला."

आणि मास्तर गावात प्रसिद्ध झाले. केस कापायच्या दुकानात, औषधांच्या दुकानात, टायरवाल्याच्या काउंटरवर त्यांचं हसरं तोंड. रस्त्यात माणसं अडवायची, "मास्तर, खरंच फरक पडला?" आणि मास्तर म्हणायचे, "पडला ना!" मग माणूस जवळ सरकून, आवाज खाली आणून उरलेला अर्धा प्रश्न विचारायचा. टायरवाल्यानेही तसाच विचारला. बारा माणसांना ऐकू जाईल असं बोलणारा तो आडदांड माणूस, पण त्या दिवशी टायरशी बोलल्यासारखा खाली बघून बोलला. "आणि त्या बाबतीत?"

"आता पूर्वीसारखं पळावं लागत नाही," मास्तर म्हणाले.

आणि तेही खोटं नव्हतं. घाई खरंच कमी झाली होती. पेट्रोल पंप आला तरी गाडी सरळ पुढे जायची. फक्त आता थेंब थेंब सतत गळत राहायचं, कळत नकळत. पँटच्या आत ते कापडाची घडी ठेवायचे आणि ती स्वतःच धुऊन दोरीच्या मागच्या बाजूला वाळत घालायचे. हा औषधाचाच एक टप्पा असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. दुसरं काही असेल, तर डब्यावरच्या त्या हसऱ्या माणसाचं काय करायचं?

बायकोच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. "पोट पुढे यायला लागलंय आणि जेवण निम्म्यावर आलंय. असं कुठं असतं का?"

"बसून बसून सुटलंय पोट."

"आणि पाय? तेही बसूनच सुजले?"

त्यावर मास्तर ओरडले. त्या घरात ते सहसा ओरडत नसत. पाळणाघरातली पोरं खेळता खेळता गप्प झाली.

मग तो प्रसंग घडला. गाडी एक शिक्षिकाबाई चालवत होत्या. नुकत्याच निवृत्त झालेल्या, घाबरट, पण जिद्दीच्या. पुलावर समोरून सायकलवाला आला. बाईंनी गोंधळून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला आणि ओरडल्या, "मास्तर!" मास्तरांची मान छातीवर पडली होती. दोन दिवस त्यांना अशी गुंगी येत होती. ते दचकून जागे झाले. पाय ब्रेककडे नेला, पण सुजलेला पाय बुटात धोंड्यासारखा झाला होता. ब्रेक लागला, पण उशिरा. सायकलवाला कसाबसा निसटला, आणि गाडी कठड्यावर आदळून थांबली. कुणाला लागलं नाही. "तुम्ही झोपला होतात?" असं बाईंनी विचारलं, तेव्हा मास्तर दार उघडून वाकलेला बंपर बघायला उतरले.

त्या दिवशी बायकोने पोरांना शेजारणीकडे सोपवलं आणि रिक्षा बोलावली.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. त्यांनी मास्तरांच्या ओटीपोटावर हात ठेवला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. लगेच नळी घातली गेली. खाटेला लावलेली पिशवी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. मास्तरांचं पोट डोळ्यांदेखत खाली बसत गेलं.

"हे पोट नव्हतं, काका," बाई म्हणाल्या. "मूत्राशय रिकामं होतच नव्हतं. भरून वाहतं तसं वरचं वरचं गळत होतं. तो दाब मागे मूत्रपिंडांवर आला. झोप, सूज, भूक जाणं, सगळं त्यातलंच. काही औषध घेत होतात?"

बायकोने पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. बाईंनी डब्यावरचा माणूस पाहिला, मग खाटेवरचा माणूस पाहिला.

"याच्यामुळेच बिघडलं का?" मास्तरांनी विचारलं.

"तसं मी म्हणणार नाही. आत काय आहे तेच मला माहीत नाही. पण याच्या भरवशावर तुम्ही थांबलात. त्यानं बिघडलं."

धाकटा धावतपळत आला. नळीकडे त्याने बघणं टाळलं. पाय दाबले, पाणी दिलं, दोनदा डोळे पुसले. आणि मग वहिनी बाहेर गेल्याचं बघून हळूच म्हणाला, "दादा, इतक्यात कुणाला सांगू नकोस."

मास्तर म्हणाले, "माझा फोटो काढून टाक."

"आत्ता? सगळीकडे तोच लागलाय, दादा. लोक काय म्हणतील?"

"जे खरं आहे ते म्हणतील."

"तूच सांगायचास ना सगळ्यांना, फरक पडला म्हणून! मी काय तुझ्या तोंडात शब्द घातले?"

एवढं बोलून धाकटा निघून गेला. मास्तरांना त्याचा राग यायला हवा होता. पण तो बरोबर बोलला होता, आणि तेच जास्त बोचलं.

घरी आल्यावर चार पावलं चालता यायला लागली तसे ते टायरवाल्याकडे गेले. लेंग्याच्या आत मांडीला नळीची पिशवी बांधलेली. काउंटरवरचा स्वतःचा डबा त्यांनी पालथा केला आणि जे झालं ते सगळं सांगितलं.

"तुमचं तोंड बघून घेतली हो मी," टायरवाला म्हणाला.

"म्हणूनच आलोय. तपासून घ्या. आजच."

टायरवाला डॉक्टरकडे गेला. त्याच्या तपासणीत वेगळंच निघालं: गाठ, तीही वाईट जातीची. उपचार सुरू झाले. डॉक्टर आशा दाखवत होते. पण काही महिने वाया गेले होते, आणि ते कुणाच्या शब्दावर गेले हे दोघांनाही माहीत होतं. पुढे मास्तरांची गाडी पंक्चर झाली, तेव्हा त्याने मुकाट्याने चाक काढून दिलं. मान मात्र वर केली नाही.

मास्तरांची शस्त्रक्रिया झाली. नळी निघाली. मूत्रपिंडं सावरली, पण पुरती नाही. मीठ तोडलं, औषधं मागे लागली, शिकवणी सकाळपुरती उरली. केसांचं म्हणाल, तर त्यांनी उरलेले बारीक करून टाकले. पोरांनी बोडक्या डोक्यावरून हात फिरवून पाहिला आणि त्यांना फार आवडलं.

डब्यावर आता दुसराच कुणी माणूस आला होता, दाट केसांचा. धाकट्याने घरी येणं बंद केलं होतं.

मग एका दुपारी, पोरं झोपलेली असताना, तो दारात उभा राहिला. बसायला पोरांचीच बुटकी खुर्ची होती. तिच्यावर गुडघे छातीशी घेऊन तो बसला.

"दादा, तुला आधी काय व्हायचं रे?"

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. तिने दारामागची छत्री काढून त्यांच्या हातात दिली. बाहेर रणरणतं ऊन होतं.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत दोघे भाऊ शेजारी शेजारी बसले. बाईंनी मास्तरांना ओळखलं, पण धाकट्याला कशाला ओळखतील?

"आत्तापर्यंत काही औषध घेतलंय?" त्यांनी त्याला विचारलं.

धाकट्याने भावाकडे पाहिलं. लहानपणापासून तो अडला की असाच बघायचा, आणि दरवेळी मास्तर त्याच्या वतीने बोलायचे. या वेळी ते बोलले नाहीत. हात मांडीवर ठेवून, समोरच्या भिंतीकडे बघत बसून राहिले.

धाकटा खाली मान घालून सांगायला लागला.