दाखवायची खेळणी

शारजात आमच्या खालच्या मजल्यावर नर्मदाताई राहायच्या. नवरा मुरलीधर काँट्रॅक्टिंग कंपनीत सुपरवायझर. इकडे येण्याआधी ताईंनी सांगलीत बालवाडी चालवली होती. चिंचोके, माती, पाण्याची घमेली हेच तिथलं सामान. "हाताला काही लागलं नाही, तर पोराच्या डोक्यातही काही शिरत नाही," असं त्या म्हणायच्या.

पंच्याण्णव साली त्या रणजितरावांच्या नर्सरीत लागल्या. रणजितरावांचा मूळ धंदा केटरिंगचा. नर्सरी व्हिलात होती, भिंतीवर हत्ती-ससे रंगवलेले आणि दारातच खेळण्यांनी भरलेलं काचेचं कपाट. ताईंनी पहिल्याच दिवशी त्याची किल्ली मागितली.

"मॅडम, ती शोसाठी आहेत. पेरेंट्स आले की दिसली पाहिजेत. तुम्ही ए टू झेड घ्या ना."

साडेतीन वर्षांची मुलं एसीच्या गारठ्यात बाकांवर बसून ठिपके जोडायची. मिहिका नावाची मुलगी पेन्सिल इतकी दाबून धरायची की बोटाला फोड आला. तिची आई ऋता मात्र गेटवर सगळ्यांना सांगे, "आमची हंड्रेडपर्यंत लिहिते!"

"शंभर म्हणजे किती, ते तिला कुठे कळतंय?" ताई म्हणाल्या. ऋता हसली आणि गाडीत बसली.

मग ताईंनी घरून छोले, वाटाणे आणि वाट्या नेल्या. मुलं जमिनीवर उतरली. मिहिकाने भिंतीवरच्या हत्तीच्या सोंडेपाशी वाटी धरली. "टीचर, ही इज हंग्री. ही वॉन्ट्स फाइव्ह." आणि तिने बरोबर पाच छोले मोजून त्याच्यापुढे ठेवले. लिहून लिहून जे जमलं नव्हतं, ते एका भुकेल्या हत्तीने करून घेतलं. ताईंना इतका आनंद झाला की संध्याकाळी जिना चढून मला सांगायला आल्या.

दुसऱ्या दिवशी रणजितरावांनी पाहिलं. "हे काय किराणा दुकान आहे? खलास! उचला सगळं."

पुढच्याच आठवड्यात जाहिरातीसाठी फोटोग्राफर आला. कपाट उघडलं. प्रत्येकाच्या हातात खेळणं आलं आणि मुलं खरोखरच हरखली. "स्माइल, बच्चा लोग!" फोटो संपले तसे रणजितराव मुलं सांभाळणाऱ्या बायांवर ओरडले, "यल्ला, जल्दी! वापस रखो." मिहिका लाकडी घोडा सोडेना. रणजितरावांनी स्वतः तिचं एकेक बोट उकलून तो काढून घेतला, त्याला लागलेली लाळ टिश्यूने पुसली आणि घोडा आत ठेवून कुलूप लावलं. पोरगी नाक गळत रडत उभी.

ताई पुढे झाल्या. "रणजितराव, घोडा पुसलात. पोरीचं नाक कोण पुसणार?"

"मॅडम, टॉइज इंपोर्टेड आहेत."

ताईंनी पदराने मिहिकाचं नाक पुसलं, पर्स उचलली आणि नोकरी सोडली. गेटवर ऋता भेटली, तिला सगळं सांगितलं. ऋताने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "ते ठीक आहे हो मॅडम, पण केजीच्या इंटरव्ह्यूचं काय?" मिहिका तिथेच राहिली.

"त्या माणसाची शिसारी आलीच," ताई मला म्हणाल्या, "पण त्या बाईची जास्त आली. तो धंदा करतो. ही पोटची पोर देते."

पुढे मुरलीधररावांची बदली उम्म अल कुवैनला झाली. तिथे एका लहान शाळेने ताईंना एक रिकामा वर्ग दिला. दोन हजार दोनमध्ये मी गेले, तेव्हा फरशीभर कणीक, ओली वाळू आणि त्यात लडबडलेली पोरं. कपडे मळतात म्हणून बऱ्याच जणांनी मुलं काढून नेली होती. उरलेली थोडी, पण भांडत होती, मोजत होती, वाळूची बिर्याणी रांधून एकमेकांना वाढत होती. त्यांच्यात बसल्या की ताई खुलायच्या.

मुलं गेल्यावर मात्र चेहरा पुन्हा विटलेला. त्यांच्या मनातली ती किळस काही गेली नाही. पेपरात कुठल्याही नर्सरीची जाहिरात दिसली की त्या तेच पान ओट्यावर पसरून त्यावर कोळंबी सोलायला घ्यायच्या.