अख्खा अध्याय

आमच्या चर्चच्या मंडळीत तिला सगळे अध्यायबाई म्हणत. तोंडावरसुद्धा. कोणी शास्त्रातली एखादी ओळ सुनावली की ही कपाळाला आठ्या घालून विचारायची, "अन् मागचं-पुढचं कुठी ठेवलं?" एकेकट्या ओळीवर तिचा राग होता. वाचायचं तर अख्खा अध्याय, नाहीतर पुस्तक उघडू नका.

ती जन्मभर दवाखान्यात नर्स होती. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर सक्करदऱ्याला आमच्या मागच्या गल्लीत राहायला आली. म्हणायची, "ताप उतरला की बाकीच्या गोळ्या फेकून देणारे लोक मी लय पाहिले गा. मग तेच स्ट्रेचरवर परत येत. शास्त्राचंही तसंच आहे. कोर्स पुरा करा लागते." गाणं मात्र तिला अजिबात येत नव्हतं. उपासनेत ती गायला लागली की पुढच्या बाकावरचे लोक मागे वळून बघत. ती आणखी जोरात गायची.

मी चौथी शिकलेला माणूस. कोराडीला पॉवर हाऊसमध्ये कोळशाच्या बेल्टवर नोकरी केली. घरात वाचायचं काम माझ्या बायकोचं, सुमनचं. उपासनेत मी डोळे मिटून बसायचो. लोकांना वाटायचं प्रार्थना करतो.

नव्या वर्षाच्या सकाळी आमच्या मंडळीत एक टोपली फिरते. तिच्यात गुंडाळलेल्या चिठ्ठ्या असतात. एकेका चिठ्ठीवर शास्त्रातली एक ओळ. हाताला येईल ते तुमचं वर्षभराचं वचन. लोक ती चिठ्ठी भिंतीला लावतात, पाकिटात ठेवतात. एका वर्षी आमच्यातल्या चौकीदाराला 'जागे राहा' अशी ओळ निघाली. सुमन म्हणाली, "भाऊ, हे तर तुमच्या सायबानंच पाठवलं वाटते." सगळे हसले. टोपली अध्यायबाईपाशी आली की ती हात न घालता पुढे सरकवायची. "काहून वं बाई, घे ना एक," असं कोणी म्हटलं की म्हणायची, "माह्याजवळ अख्खं पुस्तक आहे. तुकडा घेऊन काय करू?"

काही वर्षांमागे सुमनच्या हाताला लांब आयुष्याचं वचन आलं. देव तुला भरपूर वर्षं देईल, तृप्त करील, अशा अर्थाची ओळ होती. तिने ती टीव्हीच्या वर चिकटवली. त्याच उन्हाळ्यात तिच्या पोटात गाठ निघाली.

घरी येणारा प्रत्येक जण त्या चिठ्ठीकडे बोट दाखवायचा. वचन आहे ना, काही होत नाही सुमनबाईले. मीही तेच धरून बसलो. मोठ्या डॉक्टरने मला बाहेर बोलावून आता घरीच ठेवा म्हटलं, तेव्हा मी त्याला सांगितलं, आमच्या घरी चिठ्ठी आहे.

अध्यायबाई दर गुरुवारी दुपारी यायची. चिठ्ठीकडे बघायचीसुद्धा नाही. खुर्ची ओढायची, दोरी बांधलेला चष्मा नाकावर चढवायची आणि पुस्तक जिथे राहिलं तिथून पुढे वाचायची. मग तिथे नुसती नावं असली तरी. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा अमका. सुमन एकदा कंटाळली. "बाई, हे मेले कोण होते, काय होते, मले काय करा लागते?" बाईने चष्म्यावरून बघितलं. म्हणाली, "त्यायच्याही नावानं कोणी रडलंच असन ना वं. वाचू दे." सुमन हसली. मग गप पडून ऐकत राहिली. मी खाटेच्या पायथ्याशी बसायचो. तिचे पाय दाबायचो. माझं लक्ष पुस्तकाकडे नसायचं.

दिवाळीच्या आधी सुमन गेली.

चिठ्ठी मी त्याच दिवशी ओढून काढली. भिंतीचा रंगही निघून आला. मग लोक आले. प्रत्येकाने एकेक ओळ आणली होती. देवाने दिलं, देवाने नेलं. ती चांगल्या जागी आहे. मी हो म्हणायचो. मला रडू येत नव्हतं. भूक लागत नव्हती आणि जेवायला वाढलं की सगळं संपवत होतो. डोक्यात एकच गोष्ट होती. मरताना सुमनला फसवल्यासारखं वाटलं का? रोज डोळ्यांसमोर ती चिठ्ठी आणि अंगातून जीव चाललेला. तिने विचारलं असेल का मनात, की हे काय?

अध्यायबाई गुरुवारी आली. काही बोलली नाही. तिच्या खुर्चीत बसली आणि तासाभराने गेली. पुढल्या गुरुवारी तसंच. मी म्हटलं, बाई, तुम्ही नाही काही सांगत. ती म्हणाली, "शास्त्रात एक माणूस आहे. त्याचं घरदार गेलं, लेकरं गेली. त्याचे दोस्त आले अन् जमिनीवर गप बसले. तोंड उघडलं नाही तोवर लय चांगले होते."

असे बरेच गुरुवार गेले. एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, खोटं निघालं तुमचं शास्त्र."

"वाचलं काय?"

"भिंतीवर तर लटकून होतं."

"ती एक ओळ होती. वाचलं काय म्हणून विचारून राहिली मी."

तिने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. ती ओळ एका स्तोत्रातली होती, अगदी शेवटची. बाईच्या हिशेबाने स्तोत्रही अध्यायच. मी बोट ठेवून अक्षर-अक्षर जुळवत वाचायला लागलो. जोडाक्षराला अडलो तरी ती मदत करेना. देवदूत तुला हातांवर झेलतील, तुझ्या पायाला दगड लागू देणार नाहीत, अशा जागी मी आलो तेव्हा ती म्हणाली, "हे कोणी कापून वापरलं, माहीत आहे? सैतानानं. प्रभूले देवळाच्या टोकावर उभं केलं अन् म्हणे मार उडी, लिहिलं आहे ना असं. ओळ खरीच होती गा. फक्त तोडलेली होती. चल, पुढं वाच."

मी वाचत गेलो. शेवटच्या ओळीच्या वरच्या ओळीत देव म्हणतो की संकटात मी त्याच्याजवळ राहीन.

"थांब," बाई म्हणाली. "सुमन इथंच थांबवत होती मले. तू दवाई आणाले गेला की हेच वाचाले लावे. मले म्हणे, बाई, खालची ओळ काही मले भेटत नाही. वरची भेटली. हा माणूस उठतच नाही माह्या पायापासून. मी म्हटलं, बाई वं, ते देवाचं आहे, तुह्या नवऱ्याचं नाही. तर म्हणे, देव काय एकटा येते काय?"

मी पुस्तक मिटायला गेलो. बाईने हात मध्ये घातला. "एक ओळ राहिली."

"ती मी नाही वाचत."

"नको वाचू," ती म्हणाली. चष्मा काढून उठली आणि गेली. मला तेव्हाही रडू आलं नाही. पण सुमनला फसवल्यासारखं वाटलं का, हे मी त्या दिवसापासून स्वतःला विचारणं सोडलं.

पुढे बाईचे डोळे गेले. भाचीने तिला खापरखेड्याला आपल्या क्वार्टरमध्ये नेलं. मग गुरुवारी मी बसने जायचो आणि तिला वाचून दाखवायचो. मी अडलो की आता ती सांगायची. तिला सगळं पाठ होतं, तरी वाचायला लावायची. मागच्या उन्हाळ्यात एका गुरुवारी तिने तेच स्तोत्र मागितलं. अर्ध्यात तिला झोप लागली. मी पुस्तक बंद करून बस पकडली. रविवारी भाचीचा फोन आला.

कब्रस्तानात ऊन मी म्हणत होतं. पाळकसाहेब म्हणाले, "काका, एखादं वचन वाचा, लोकांचे पाय पोळून राहिले." मी म्हटलं, अध्याय अर्धा राहिला आहे. बाईला झोप लागली होती तिथून मी सुरुवात केली. बोट ठेवून, अडत अडत. कोणी खोकलं, कोणी छत्री उघडली. वरच्या ओळीपाशी मी थांबलो. तिथे सुमन बाईला थांबवायची.

मग खालचीही वाचली.

पुस्तक मिटलं आणि माती टाकली.