मागाहून घातलेला ‘नॉट’

माझ्या नवऱ्याच्या जबानीत ज्याने एक शब्द घुसडला, त्याला मी आजही माफ केलेलं नाही.

आज ह्यांची पुण्यतिथी. म्हणून लिहिते.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. हे सोलापुरात एका मिलमध्ये जॉबर होते. कापड विणायचे साचे दुरुस्त करायचे.

एकदा धागा तुटून साचा थांबला. ह्यांनी मागे जाऊन बटण बंद केलं आणि विणकर राजय्याला ओरडून सांगितलं, “बंद केलाय, घाल हात!”

बटण खराब होतं. साचा आपोआप सुरू झाला.

राजय्याची दोन बोटं गेली.

चौकशी झाली. ऑफिसातल्या कारकुनाने ह्यांची जबानी इंग्रजीत टाइप केली, मराठीत वाचून दाखवली. “साचा बंद केला होता.” ह्यांनी सही केली.

पंधरा दिवसांनी कामावरून काढल्याचं पत्र आलं. सोबत जबानीची कॉपी. (बटण मिलने त्याआधीच गुपचूप बदललं होतं.)

मी सातवी पास. इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचायची. अडलं की मंगळवार बाजारातून आणलेली जुनी डिक्शनरी.

टाइप केलेली ओळ होती, ‘द लूम वॉज स्टॉप्ड.’ वॉजच्या पुढे कावळ्याच्या पायासारखी एक खूण. आणि वर, हाताने, शाईने: ‘नॉट.’

“काय लिवलंय गं?”

“साचा बंद केला नव्हता, असं तुम्ही म्हणालात म्हणे.”

ह्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. मग एवढंच विचारलं, “राजय्याला दाखवलं असंल का हे?”

वाचून दाखवलं होतं. दुसऱ्याच दिवशी नळावर त्याच्या बायकोने माझी घागर पायाने बाजूला सारली.

मी ऑफिसात गेले. कारकून म्हणाला, “टायपिंगमधी राहिलं होतं बाई. मागून इन्सर्ट केलं. चालतं की तेवढं.”

घरी येऊन बघितलं. इन्सर्ट म्हणजे आत घालणे. मूळ लॅटिन, अर्थ जोडणे, गुंफणे. गजरा करताना आपण करतो तेच. त्या शब्दाचा काही दोष नव्हता.

दोन-चार पानं पुढे दुसरा शब्द भेटला. इंटरपोलेट. लिहिलेल्यात मागाहून खोटा मजकूर घुसडणे. मूळ अर्थ, जुनं घासूनपुसून नव्यासारखं करणे.

जुन्या कापडाला खळ देऊन नवं म्हणून विकणारे मी सोलापुरात पाहिलेत. त्यांना गिऱ्हाईक निदान शिव्या तरी देतं.

तीन वर्षांनी हे गेले. राजय्या आमच्याच गल्लीतला. मयतीला आला नाही.

रिटायर झाल्यावर कारकून काठी टेकत माझ्या दारात आला. पहिल्यांदाच वहिनी म्हणाला.

“वहिनी, वरून दबाव होता. माफ करा.”

“लिहून द्या.”

त्याने लिहिलं, ‘जबानीत चूक झाली.’ खाली सही केली.

“कुणाकडून?”

“आता ओळीत जागा न्हाय हो.”

“खूण करा की. तुम्हाला येते.”

त्याने खूण केली. वर लिहिलं, ‘माझ्याकडून.’

मग मी ‘चूक’ खोडायला लावलं. वर ‘लबाडी’ लिहून घेतलं.

“आता तरी माफ केलं म्हणा.”

“चहा घ्या,” मी म्हणाले. “तेवढाच मिळंल.”

त्याने चहा घेतला नाही. मी पण दुसऱ्यांदा विचारलं नाही.

कागद घेऊन मी तडक राजय्याकडे गेले. त्याला फक्त तेलुगू वाचता येई, म्हणून मीच मोठ्याने वाचला. त्याने पुन्हा वाचायला लावला. मग पायात चपला घातल्या, आमच्या घरी आला, ह्यांच्या फोटोसमोर उभा राहिला.

“मिस्त्री,” म्हणाला, “लई उशीर केला की मी.”

आणि उरलेल्या तीन बोटांनी डोळे पुसले.

कारकून पुढे मेला. मी गेले नाही.

मुलगी म्हणते, “आई, त्याचं नाव लिहू नकोस. त्याची नातवंडं फेसबुकवर आहेत.”

नाव मी लिहिलेलं नाही. खाली त्या कागदाचा फोटो टाकलाय. सही त्याची आहे.

अहो, राजय्या येऊन गेला.

आता निवांत असा.