बद्द आणि खणखणीत

शाळेत मास्तर मला रोज बाकावर उभं करायचे. त्यामुळे बाक कसा बनवतात तेवढं मी नीट बघून घेतलं आणि सुतार झालो. पुढे बायकोच्या भावानं पेपर्स केले, आणि ऐंशी सालानंतर आम्ही न्यू जर्सीत आलो. तिथं मला एका म्हाताऱ्या स्पॅनिश कारागिराकडे काम मिळालं. तो हातानं फ्लामेंको, म्हणजे त्यांच्याकडच्या नाचगाण्याची, गिटार बनवायचा.

ही गिटार म्हणजे पापडाइतकी पातळ आणि वजनाला काहीच नाही. मी पहिली केली ती अशी दणकट की म्हातारा म्हणाला, "यावर चढून बल्ब बदलता येईल." मी थँक्यू म्हणालो.

हळूहळू हात बसला. म्हाताऱ्याचे हात मात्र थरथरायला लागले. त्याला मूलबाळ नव्हतं. एकदा म्हणाला, "दुकान तुला देतो. फक्त गिटारची वरची फळी निवडायला शीक, आवाज तिच्यातून येतो." फळी कोपऱ्याला धरायची, बोटानं वाजवायची, ऐकायचं. मला सगळ्या सारख्याच ऐकू यायच्या, टक. मी प्रत्येकीला व्हेरी गुड म्हणायचो.

बायको पॅकिंगच्या फॅक्टरीत सेकंड शिफ्टला जायची, जाताना दुकानात माझा डबा देऊन जायची. त्या दिवशी टेबलावर दोन फळ्या होत्या. मी दिसायला गोरी होती ती उचलली. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. बायकोनं डबा ठेवला आणि गावाकडे माठ घेताना वाजवतात तशा दोन्ही वाजवून बघितल्या.

"अहो, ही बद्द आहे. ती घ्या, खणखणीत वाजतेय."

म्हाताऱ्यानं आतून आणखी फळ्या आणल्या. तिनं वाजवून त्यातल्या दोन बाजूला काढल्या. त्यानं त्या उलटून दाखवल्या, मागं त्यानं आधीच निवडून केलेली पेन्सिलची खूण होती. मग त्यानं तिच्यासाठी खुर्ची ओढली. माझ्यासाठी कधी स्टूलसुद्धा सरकवलं नव्हतं.

"हिला घेऊन ये," तो मला म्हणाला. "हात तुझे, कान हिचे. दुकान दोघांचं."

मी तिला सोडायला बाहेर गेलो. गाडीत बसून तिनं किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"जमेल का हो मला?"

जमलंच होतं की. पण घरातल्या सगळ्यांचा मेडिकल इन्शुरन्स तिच्या फॅक्टरीचा, आणि मुलाला दमा. मी म्हणालो, "तुझा इन्शुरन्स गेला आणि मला वेड लागलं तर?"

"ते इन्शुरन्सच्या आधीचं आहे," ती म्हणाली. आम्ही दोघंही हसलो. ती शिफ्टला गेली. परत तिनं विचारलं नाही, आणि मी तर जोक करून मोकळा झालो होतो.

म्हाताऱ्यानं दुकान बंद केलं. मी किचन कॅबिनेट्स करायला लागलो. ती कोणी वाजवून घेत नाही.

अजून शनिवारी आम्ही आयसेलिनच्या देशी बाजारात सामान आणायला जातो. ती नारळ कानाशी धरून वाजवते. आजूबाजूच्या पोरी म्हणतात, "काकू, आमचाही बघा ना." ती सगळ्यांचे बघते, सावकाश, एकेक. मी पिशवी धरून उभा असतो. घाई करत नाही.