वारलूच्या एकसष्ट खाचा

वारलू आमचा नावाडी. तोंडानं फाटका, हातानं पक्का. चाळीस वर्षं त्यानं बाजारकरी, शेळ्या, कोंबड्या आणि गेली अकरा वर्षं मला, म्हणजे पलीकडच्या शाळेच्या मास्तराला, नदीपार नेलं. एकालाही भिजवलं नाही. हे तो रोज स्वतःच सांगायचा, म्हणून मला पाठ आहे.

त्याच्या बापाची एक रीत होती. डोंगा म्हणजे एका खोडातून कोरलेली नाव. एक फेरी झाली की डब्यात एक खडा. शंभर खडे जमले की डोंग्याच्या कडेवर सुरीनं एक खाच. कडा खाचांनी भरली की डोंगा म्हातारा झाला असं समजायचं आणि त्याला घाटावर पालथा घालून सुट्टी द्यायची.

तीन वर्षांपूर्वी एका खात्यानं फायबरची निळी नाव दिली. साहेबांनी भाषण ठोकलं. कुजत नाही, गंजत नाही, वीस वर्षं बघायला नको.

वारलूनं विचारलं, "वीस वर्षं बांधून ठेवली त, का चालवली त?"

साहेब हसले, नारळ फोडला आणि जीपमध्ये बसले.

यंदा एप्रिल महिन्यात वारलूनं एकाएकी नाव बंद केली.

"काऊन रे वारलू?" सरपंच धुरपताबाईंनी विचारलं.

"मऊ झाली बाई. आधी ताठ राहे. आता लाट लागली का पोट हालवते."

नावेला कुठं तडा दिसत नव्हता, थेंबभर पाणी येत नव्हतं. मला मात्र पुलावरून अठरा किलोमीटरचा फेरा पडला. सायकल हाणताना मी वारलूला ज्या शिव्या दिल्या, त्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात सापडायच्या नाहीत.

आठ दिवसांनी खात्यानं चंद्रपूरची इंजिनिअर पाठवली, नंदिनी नावाची. तिनं पर्समधून दहाचं नाणं काढलं आणि नावेवर टकटक करत फिरली. तळाला टण टण वाजलं. कडेजवळ आली तर आवाज बद्द.

"भाऊ बरोबर सांगून राह्यले," ती म्हणाली. "फायबरमधले काचेचे धागे भार उचलतात, रेझिन म्हणजे आतला गोंद त्यांना धरून ठेवते. दर फेरीत नाव जराशी वाकते, परत सरळ होते. असं हजारदा झालं का आत बारीक तडे जातात, थर सुटतात. वरून दिसत नाई, नुसता ताठपणा जाते. पण इतक्या लवकर नव्हतं व्हायचं." मग तिचं बोट कडेवर थांबलं. "इथी त धागेच कापले आहेत! पाणी थरांत शिरलं, तडे इथूनच निघाले. कोणी केलं हे?"

कारखान्याचा दोष निघाला तर नवी नाव फुकट येणार होती. नावाड्याचा निघाला तर वारलूचं वल्हं दुसऱ्याच्या हातात जाणार होतं.

"उंदरानं कुरतडलं म्हन," धुरपताबाई त्याच्या कानात पुटपुटल्या. त्यांचं पुटपुटणं पलीकडच्या काठावर ऐकू जातं. आणि उंदीर तरी केवढा शिस्तीचा, बोटभर अंतर सोडून एका ओळीत कुरतडणारा!

वारलूनं डोक्याचा टॉवेल काढला. "म्याच कापलो मॅडम. लाकडाले चालते, तं वाटलं हिलेबी चालन. चाळीस वर्षांत कोनाले भिजवलो नाई, अन् हिलेच मारून टाकलो." आणि तो चक्क रडायला लागला. मला माझ्या शिव्यांची लाज वाटली.

नंदिनी खाचा मोजत बसली. "एकसष्ट. म्हणजे सहा हजार शंभर फेऱ्या. भाऊ, आमच्या कागदावर सगळे वर्षं लिहितात, फेऱ्या कोणीच मोजत नाई. तुम्ही नाव कापली हे मी लिहिणार. पुराच्या आधी तुम्हीच ती थांबवली, हेही लिहिणार."

कारखान्यानं अर्थातच हात वर केले. चार महिने आम्ही जुन्या डोंग्यातून, एका वेळी तिघं, गेलो. मग खात्यानं दुसरी नाव दिली आणि वल्हं वारलूकडेच राहू दिलं. खाचा आता घाटावरच्या सागाच्या खांबावर पडतात.

पण रोज सकाळी नावेत पाय ठेवण्याआधी तो कमरेची सुरी काढून माझ्या हातात देतो.

"मास्तर, तुमच्यापाशी राहू द्या. हाताले सवय हाय."

मी ती पिशवीत खडूच्या डब्याशेजारी ठेवतो आणि संध्याकाळी घाटावर उतरलो की परत देतो.