ड्रॉवरात कोंबलेले चार्जर

बायांनो, आजच घडलं ते घाईत लिहून राहिली आहे. लिहिताना चुकलं तर समजून घ्या.

आमच्या सुनेनं हॉलमध्ये टीव्हीखाली सुताराकडून ड्रॉवर करून घेतला. आत बोर्ड आहे, मोबाईल आतच चार्ज होतात, बाहेर एक वायर दिसत नाही. मस्त दिसते. पण ती रोज सांगते, "आई, दोनच लावा, अन् ड्रॉवर थोडा उघडा ठेवा, आत गरम होते."

आज दुपारी पाहुणे येणार होते. नवरा धानावर फवारणी करून आला अन् बॅटरीचा पंप सोफ्यापाशीच चार्जिंगला लावला. मला राग आला. पंप सोफ्यामागे सरकवला, त्याचा चार्जर ड्रॉवरात लावला. टॉर्चही चार्जिंगला लावली, तीन मोबाईल लावले अन् ड्रॉवर दाबून बंद केला.

थोड्या वेळानं जळका वास आला. मला वाटलं भाजी लागली, मी गॅस पाहून राहिली. सून धावली, मेन स्विच पाडला. बोर्ड वितळला होता, लाकूड काळं पडलं होतं. त्याच ड्रॉवरला टेकून नात चित्र काढत बसली होती.

"आई, बंद काऊन केला?"

"पाहुण्याले वायरी दिसतीन म्हणून."

 ती पोरीला उचलून आतल्या खोलीत घेऊन गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाहुणे येऊन गेले. काय बोलले, मला आठवत नाही.

तुमच्या घरी असा बंद ड्रॉवर आहे का? आत काय काय लावलं आहे? आधी उठून हात लावून पाहा, मग मला सांगा.