रिकाम्या पुंगळ्या कोण मोजतं?

ये गं, जवळ सरक. कागदावर लिहीत असले तरी बोलतेय तुझ्याशीच. एवढी कॉलेजात शिकतेस आणि तुझ्या आईचं अर्धवट ऐकून मला फोनवर सुनावतेस, की आज्जी, तू मामाला परदेशात जाऊ दिलं नाहीस. वर आणखी ज्ञान, की मोठमोठ्या देशांची सरकारं आता लढाईच्या कामाला खासगी कंपन्या लावतात, सगळं कायदेशीर असतं, मग तुला काय त्रास. अगं, त्रास काय झाला हे एकदा तरी विचारलंस का? मी कुणाला अडवलं नाही. नीट ऐक आता.

तुझा मामा हवालदार म्हणून सैन्यातून निवृत्त झाला आणि जेसल पार्कातल्या आपल्या घराची बराक झाली. चादरीची घडी अशी कडक, की त्यावर अंग टाकायची भीती वाटावी. मी भाजीला निघाले तरी विचारणार, कुठे, कशाला, परत कधी. मग काशीमीऱ्याला एका गोदामावर सुपरवायझर म्हणून लागला. ट्रक येतात, ट्रक जातात, हा गेटवर पावत्या बघतोय. काम काही वाईट नाही. पण बर्फात पहारा दिलेला माणूस खोक्यांवर पहारा द्यायला लागला की त्याचं तोंड एवढंसं होतं. आईला ते दिसतं.

अशात त्याला कुणीतरी ती नोकरी सांगितली. वाळवंटातला कुठलासा देश. तिथल्या सरकारने रस्त्यांवरचा नि तेलाच्या विहिरींवरचा पहारा एका परदेशी कंपनीला कंत्राटाने दिलेला, आणि त्या कंपनीला आपल्याकडचे निवृत्त फौजी हवे होते. हातात बंदूक, पगार चांगला. मुलाखत काशीमीऱ्यालाच, हायवेवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये. मी म्हटलं, मीपण येते. तो म्हणाला, "आई, मी काय बालवाडीत नाव घालायला चाललोय?" तरी गेलेच.

जाताना भाकऱ्या घेतल्या आणि पालीची कोळीण मावशी दारावर घेऊन येते त्या सुक्या बोंबलांची चटणी. हॉलमध्ये सातारा-सांगलीकडची माणसं रात्रभर एसटीत बसून आलेली, तरी दाढ्या गुळगुळीत. त्या एसीत मी डबा उघडला तसा मामाने कपाळाला हात लावला. पण डबा फिरला आणि चाटूनपुसून परत आला. एक साताऱ्याचा म्हणाला, मावशी, तुम्ही मेस चालवणार असाल तर मी आत्ता सही करतो.

एजंट म्हणजे कोट घातलेला पोरगेलासा माणूस, बोलायला गोड. पडद्यावर चित्रं दाखवत होता. जेवण, सुट्टी, विमा, सगळं चकाचक. शेवटी म्हणाला, कुणाला काही विचारायचंय का? मी हात वर केला.

त्याआधी एक सांगायला हवं. मामा सैन्यात होता तेव्हा एकदा कितीतरी दिवस त्याचा फोन नाही. मी त्याच्या एका सोबत्याकडून ऑफिसचा नंबर मिळवला आणि थेट त्याच्या साहेबांना गाठलं. माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, साब, मेरा लडका आपके पास है, उसको बोलो माँ को फोन करे. साहेब हसले, पण त्याच दिवशी मामाचा फोन आला. रडवेला होऊन म्हणत होता, आई, अख्खी पलटण हसतेय मला. हसू दे. मला कळलं, की माझा मुलगा जिथे आहे तिथे कान धरणारं कुणीतरी आहे.

म्हणून मी एजंटला विचारलं, "माझ्या मुलाच्या हातून तिथे चुकून कुणाचा मुलगा मेला, तर त्याची आई कुणाकडे जाणार?"

तो म्हणाला, "मावशी, आपला इन्शुरन्स आहे ना."

"तो माझ्या मुलाचा. मी तिचं विचारतेय."

तो म्हणाला, तसा प्रसंग येत नाही. आलाच तर कंपनी बघेल. मी म्हटलं, कंपनी म्हणेल आम्ही सरकारच्या सांगण्यावरून आलो, सरकार म्हणेल माणूस आमचा नाही, तोवर बाईने कुठे बसायचं? त्यावर तो म्हणाला, मेल आयडी देतो, लिहून पाठवा. मागे कुणीतरी खुदकन हसलं. मामा मात्र बुटांकडे बघत होता.

मामा घरी येऊन घडी घातलेल्या चादरी उलगडून परत घड्या घालत बसला.

रविवारी आम्ही विहारात वंदनेला गेलो. पंचशीलातलं पहिलंच शील जीव न घेण्याचं. तो सैन्यात असताना ते म्हणताना माझा आवाज बारीक व्हायचा, खोटं कशाला बोलू. पण तेव्हा मी मनाशी म्हणायचे, ही बंदूक सगळ्या देशाने त्याच्या हातात दिलीय, मी मत दिलंय, म्हणजे त्यात माझाही हात आहे. पाप असेल तर वाटून घेऊ आणि जाब विचारायचा तर मीही विचारू शकते. त्या कंपनीत माझं कुठे मत? तिथल्या बाईचं तरी आहे का? सरकारने आपला हात धुवायला दुसऱ्याचा हात भाड्याने घेतला, तर कायद्यात बसेलही बाई. मला नाही बसवता आलं.

हे मी त्याला सांगितलं नाही हं. परतताना तोच बोलला. सैन्यात फायरिंग झाल्यावर गोळ्यांच्या सगळ्या रिकाम्या पुंगळ्या वेचून मोजून द्याव्या लागायच्या. एक कमी पडली तर सगळे गवतात गुडघ्यावर. "शिव्या घालायचो तेव्हा," म्हणाला. मग रस्त्यातच थांबून त्याने एजंटला फोन लावला आणि विचारलं, तिथे पुंगळ्या कोण मोजतं? एजंट खुशीत म्हणाला, "भाऊ, तिथे तसली कटकट नाही. गोळ्या हव्या तेवढ्या." बिचाऱ्याला वाटलं, ही सोयच सांगतोय आपण.

मामाने नंतर कळवतो म्हणून फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी नाही म्हणून कळवलं. साताऱ्याचा गेला. त्याला मी नावं ठेवत नाही, त्याचीही पोरं शिकतायत. रोज सकाळी मला व्हॉट्सॲपवर फुलं पाठवतो. फूल आलं की माझा जीव भांड्यात पडतो.

पण गोष्ट इथे संपत नाही, म्हणून तर लिहितेय. परवा एजंटचा परत फोन आलाय, आता वरच्या हुद्द्यावर बोलावतायत. या वेळी मामा लगेच नाही म्हणाला नाही. सोमवारपर्यंत सांगतो म्हणालाय. गेटवरून आला की गॅलरीत नुसता उभा राहतो. मी विचारत नाही. माझं बोलून झालंय, आणि जाणार तो आहे, मी नाही.

तुझ्याशी मात्र तो वाद घालतो, लहानपणापासून. तू मला जे फोनवर ऐकवलंस ना, सरकारं करतात, कायद्यात बसतं, ते सगळं त्याच्यासमोर बसून म्हण. त्याला बोलू दे. मग जायचं म्हणाला तर डबा मीच भरेन. पण सोमवारच्या आत ये गं, शनिवारीच निघ.